रक्तजलाची ठेव

गेल्या चतुर्थीला आमच्या घरी एक लहानसा प्रसंग घडला. माटोळी बांधून झाली होती, घुमटावर पहिली थाप पडली होती आणि आमच्या भगिनीने मोदकांचे ताट आपल्या मुलीपुढे केले. नैवेद्य गणपतीपुढे ठेवण्याचा मान दरवर्षी ह्या मुलीचा. परंतु ह्या खेपेस ती एक पाऊल मागे सरली व हलक्या आवाजात म्हणाली, "आई, आज दुसऱ्या कोणाच्या तरी हाती दे." प्रवासाचा शीण असेल असे सर्वांनी मानले. ताट दुसऱ्या हातांनी पुढे गेले आणि आरती सुरू झाली.

रात्री मंडळी निजल्यावर ओसरीवर बसून तिने आम्हांस कारण सांगितले. ही आमची भाची पुण्यातील एका प्रयोगशाळेत पेशीसंवर्धनाचे काम करते. प्राण्यांच्या वा माणसांच्या शरीरातून वेगळ्या केलेल्या पेशी ती पात्रांत जिवंत ठेवते, वाढवते व त्यांवर औषधांचे परिणाम तपासते. ह्या पेशींना जो द्रव आहार लागतो, त्यात पुष्कळदा दहा टक्के भाग वासराच्या गर्भाच्या रक्तजलाचा, म्हणजे सीरमचा, असतो. ते बाटल्यांत भरून उणे २० अंशांवर गोठवून ठेवतात व लागेल तेव्हा वितळवून घेतात. चतुर्थीच्या आधीच्या आठवड्यात तिने घाईच्या भरात अशी एक गोठलेली बाटली थेट ऊन पाण्याच्या पात्रात सोडली. बाटलीच्या तळाला तडा गेला, बाहेरचे पाणी आत शिरले, आणि जे पूर्णपणे जंतुविरहित राहावयास हवे ते सर्व टाकून द्यावे लागले.

"मामा," ती म्हणाली, "वरिष्ठांनी किंमत विचारली, मी सांगितली, त्यांनी ती वहीत लिहून घेतली. किमतीपलीकडचे कोणी काही विचारले नाही. ज्याचे ते रक्त होते तो जीव जन्मलाही नव्हता. तो गेला आणि माझ्या घाईने त्याचे जाणेही फुकट गेले. हे पाप कोणाचे? कापणाऱ्याचे, विकणाऱ्याचे, की माझे?"

'हे कोणाचे' हा प्रश्न आम्ही वकिलीत जवळजवळ वीस वर्षे रोज ऐकत आलो आहोत. पण तो शेताच्या बांधाविषयी, सामाईक विहिरीविषयी, भिंतीविषयी. त्या रात्री आम्हांस उत्तर देता आले नाही. पुढे ह्या विषयाची माहिती करून घेतली, विचार केला, आणि जे सुचले ते वाचकांपुढे ठेवीत आहोत.

प्रथम वस्तुस्थिती पाहू. कारण ती न तपासता दिलेला निवाडा हा निवाडाच नव्हे. कत्तलखान्यात कापलेली गाय गाभण निघाली, तर गर्भ बाहेर काढून त्याच्या हृदयात सुई घालून रक्त घेतात. ते थंड जागी ठेवले की गुठळी धरते. ती वेगळी केली की वर पिवळसर द्रव राहतो. असा अनेक गर्भांचा द्रव एकत्र करून अतिसूक्ष्म छिद्रांच्या गाळण्यांतून गाळतात आणि गोठवतात. एका गर्भापासून मिळणारे रक्तजल इतके थोडे असते, की पाचशे मिलिलिटरच्या एका बाटलीमागे साधारणतः एकाहून अधिक गर्भ असतात. आमची भाची एका जिवाविषयी बोलत होती. हिशेब त्याहून मोठा आहे.

गर्भाचेच रक्त का, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर ज्यांच्या घरी गाय व्याली आहे त्यांना चटकन समजेल. गर्भाच्या रक्तात पेशींना वाढीस लावणारी द्रव्ये विपुल असतात, हे एक कारण. दुसरे असे, की गाईच्या गर्भाला रोगांशी लढणारी प्रतिपिंडे वारेतून मिळत नाहीत. ती त्याला जन्मानंतर मातेच्या चिकातून मिळतात. म्हणून जाणते शेतकरी पहिला चीक वासराला पाजतात आणि उरेल त्याचा खरवस करतात. ज्या वासराने चीक प्यालेलाच नाही त्याच्या रक्तात ही प्रतिपिंडे फारच थोडी असतात, आणि त्यामुळेच परक्या पेशींना ते रक्तजल बाधत नाही. मातेच्या पहिल्या घोटापासून वंचित राहिलेल्याचेच रक्त ह्या कामाला उत्तम ठरावे, हे वाचून कोणाचेही मन क्षणभर थांबेल.

आता कोणी म्हणेल, हा प्रयोगशाळेतील चार माणसांचा प्रश्न. आम्हां देवळात येणाऱ्यांचा त्याच्याशी काय संबंध? संबंध आहे. १९६२ साली जपानमध्ये माकडाच्या मूत्रपिंडापासून 'व्हेरो' नावाच्या पेशींचा वंश सुरू झाला, आणि पुढे कित्येक लशी ह्या पेशींवर तयार होऊ लागल्या. कोरोनाच्या साथीत हैदराबादेस बनलेली कोव्हॅक्सिन ही लस त्यांपैकीच. ह्या पेशी वाढविताना नवजात वासराचे रक्तजल वापरतात, ही गोष्ट २०२१ च्या जून महिन्यात सर्वतोमुखी झाली, तेव्हा केंद्र सरकारला खुलासा करावा लागला. खुलासा असा, की हे रक्तजल केवळ पेशींच्या वाढीसाठी वापरले जाते, नंतर त्या पेशी अनेक वेळा धुतल्या जातात, आणि तयार लशीत रक्तजलाचा अंश नसतो. खुलासा खरा होता व त्याने पुष्कळांचे समाधान झाले. पण ते समाधान कशाचे होते? आपल्या शरीरात काही गेले नाही, ह्याचे. शिवाशिवीचा प्रश्न सुटला. ऋणाचा प्रश्न कोणी विचारलाच नाही. लस टोचून घेतलेल्या दंडात वासराच्या रक्ताचा थेंब नाही, हे जितके खरे, तितकेच त्या रक्तावाचून ती लस त्या दिवशी सिद्ध झाली नसती, हेही खरे.

कायदा ह्यावर काय म्हणतो? आपल्या संविधानाच्या ४८ व्या अनुच्छेदाने गाई व वासरे ह्यांच्या हत्येस प्रतिबंध करण्याचे धोरण राज्यांपुढे ठेवले आहे. २००१ च्या कत्तलखान्यांविषयीच्या केंद्रीय नियमांनुसार तर कोणतेही गाभण जनावर कापता येत नाही. मग ती गाय असो, म्हैस असो वा शेळी. तथापि आपल्या प्रयोगशाळांतील हे रक्तजल मोठ्या प्रमाणावर परदेशांतून येते. जे कृत्य आपला कायदा आपल्या अंगणात करू देत नाही, त्याचे फळ बाटलीत बंद होऊन, कागदपत्रांसह, विमानाने आपल्या दाराशी येते. ह्यात बेकायदा काही नाही. पण कायद्याची हद्द जिथे संपते तिथे सदसद्विवेकाचीही हद्द संपते, असे मानणारा मनुष्य आम्हांस तरी भेटलेला नाही. न्यायालयाच्या आवारातसुद्धा नाही.

धर्मशास्त्राची दृष्टी अधिक कठोर आहे. वेदांत गाईला 'अघ्न्या', म्हणजे मारू नये अशी, असे नाव आहे. मनुस्मृतीच्या पाचव्या अध्यायात मांसाविषयी बोलताना स्मृतिकार केवळ मारणाऱ्याला घातक म्हणून थांबत नाहीत. संमती देणारा, अवयव तोडणारा, मारणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा, अशा आठही जणांना ते घातकांत गणतात. आम्हां वकिलांना कारणांची साखळी कुठेतरी तोडावी लागते; नाहीतर कोणताच खटला संपणार नाही. स्मृतिकारांनी ती तोडली नाही. ह्या यादीत आमची भाची कुठे बसते? ती मारीत नाही, खातही नाही. पण विकत घेणाऱ्यांच्या पंक्तीतून तिला उठविता येत नाही. आणि तिच्यामागे, जरा दूर पण त्याच पंक्तीत, लस टोचून घेतलेले आपण सर्व आहोत.

ह्यावर एक युक्तिवाद नेहमी केला जातो. गाय मांसासाठी कापली गेलीच होती. रक्तजल हे केवळ उपफल. ते घेतले नसते तर गर्भ टाकूनच दिला असता. हा युक्तिवाद अगदीच पोकळ नाही. परंतु ज्या उपफलाला एका बाटलीमागे कित्येक हजार रुपये मिळतात, ते फार काळ निव्वळ उपफल राहत नाही. त्याची खरेदी हा त्या व्यवहाराला दिलेला हातभारच होय, मग तो लहान का असेना.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. रसेल आणि बर्च ह्या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी १९५९ साली प्रयोगांतील प्राण्यांविषयी तीन कर्तव्ये सांगितली: शक्य तेथे प्राण्याऐवजी दुसरे साधन वापरावे, प्राण्यांची संख्या कमी करावी, आणि त्यांच्या यातना सौम्य कराव्यात. पेशीसंवर्धन हे त्यांतील पहिल्या कर्तव्याचे मोठे साधन आहे. पात्रातील पेशींवर औषध तपासले की तितके उंदीर-ससे वाचतात. म्हणजे आमची भाची एका हाताने जीव वाचवीत आहे आणि दुसऱ्या हाताने वासराच्या रक्ताची बाटली उघडीत आहे. तिचे काम सोडून देणे हे ह्या प्रश्नाचे उत्तर आहे, असे आम्हांस म्हणूनच वाटत नाही. हात निर्मळ ठेवण्यासाठी काम टाकणे सोपे. त्या कामावाचून ज्यांचे अडेल, त्यांना मग काय सांगावे?

मग राहते काय? येथे आम्हांस आपल्या धंद्यातील दोन कल्पना आठवतात.

पहिली विश्वस्ताची. आपल्यापैकी अनेकजण देवस्थानाचे महाजन आहेत. त्यांना ती समजावून सांगण्याचे कारण नाही. देवाच्या भांडारातील समई महाजनाच्या हाती असते, पण ती त्याची नसते. १८८२ च्या विश्वस्तविषयक कायद्याचे १५ वे कलम सांगते, की सामान्य शहाणा मनुष्य स्वतःची मालमत्ता जितक्या काळजीने सांभाळील, तितक्या काळजीने विश्वस्ताने ठेव सांभाळावी. गोठलेल्या रक्तजलाची बाटली ही आम्हांस अशीच ठेव वाटते. ती ठेवणारा बोलू शकत नाही, हिशेब मागू शकत नाही. म्हणून तर सांभाळणाऱ्याची जबाबदारी वाढते.

ही ठेव सांभाळण्याची रीत आम्ही भाचीकडून समजून घेतली, तेव्हा तिच्यातील प्रत्येक नियम आम्हांस निव्वळ तंत्राचा वाटेना. बाटली आदल्या रात्री फ्रीझरमधून काढून साध्या शीतपेटीत, दोन ते आठ अंशांच्या थंडाव्यात ठेवावी. तिला सावकाश वितळू द्यावे. थेट ऊन पाण्यात घातल्यास बाटली तडकते, किंवा आतील प्रथिने साकळून गाळ धरतात. वितळत असताना बाटली मधूनमधून हलकेच गोल फिरवावी. नाहीतर क्षार व प्रथिने तळाशी दाट होतात आणि वर पाणी राहते. पण जोराने घुसळू नये, फेस येतो. वितळल्यावर तळाशी थोडे तंतू वा कण दिसले तर घाबरून टाकून देऊ नये. बहुधा ते रक्ताच्या गुठळीतील फायब्रिन नावाच्या प्रथिनाचे अवशेष असतात, आणि त्यांनी पेशींना अपाय होत नाही. ते काढण्यासाठी पुन्हा गाळू नये; गाळणी तुंबते व उपयुक्त द्रव्येही अडकून राहतात. पूर्वीपासून चालत आले म्हणून प्रत्येक बाटली छप्पन्न अंशांवर तीस मिनिटे तापवू नये; पुष्कळ पेशींना त्याची गरज नसते. आणि सर्वांत महत्त्वाचे, वितळलेल्याचे लहान लहान वाटे करून ठेवावेत, नळ्या काठोकाठ भरू नयेत, आणि एकदा वितळले ते पुन्हा पुन्हा गोठवू नये. कारण प्रत्येक खेपेस त्याचे सत्त्व घटते.

ह्या सर्व नियमांचे सार एका वाक्यात येते: आदल्या रात्री आठवण ठेवावी. ज्याला उद्याच्या कामाची आठवण आज रात्री असते, त्याची बाटली तडकत नाही. आमच्या भाचीचा दोष अज्ञानाचा नव्हता. नियम तिला पाठ होते. दोष विस्मरणाचा होता. आदल्या संध्याकाळी ती बाटली बाहेर काढावयास विसरली, आणि सकाळी तो विसर घाईने भरून काढू पाहिला. आपल्या आयुष्यातील पुष्कळ अपराध असेच, दुष्टपणातून नव्हे तर विसरातून, आणि मग विसर झाकण्याच्या घाईतून, घडत असतात.

परंतु येथेच थांबलो तर आम्ही स्वतःशीच अप्रामाणिक ठरू. कारण दुसरी कल्पना उभी राहते. ती चोरीच्या मालाची. चोरीचा माल जाणूनबुजून घेणाऱ्याने तो कितीही जपून ठेवला, तरी त्या जपणुकीने तो निर्दोष ठरत नाही. उलट जितका जपून ठेवला तितका तो जाणून होता, असेच न्यायाधीश म्हणतील. बाटली सावकाश वितळविली, थेंबही वाया घालविला नाही, म्हणून मूळचे कृत्य धुऊन निघत नाही. काळजी हे प्रायश्चित्त नव्हे. ती फार तर ऋणाची कबुली आहे. आणि कबुली देऊन ऋण फिटत नाही. ते फेडावयाचे असते.

मग हे ऋण फेडावयाचे कसे? ज्याचे देणे आहे तो तर उरलेला नाही. तेव्हा एकच मार्ग राहतो: पुढच्या वासराचे रक्त लागणार नाही अशी सोय करणे. हे अशक्य आहे, असे म्हणणाऱ्यांस आम्ही आपल्याच आरतीची आठवण देऊ. आपल्या घुमटाच्या तोंडावर पिढ्यान् पिढ्या घोरपडीचे कातडे मढविले जात असे. त्याशिवाय तो नाद येणारच नाही, असे जुने वादक शपथेवर सांगत. पुढे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले, आणि काळाच्या ओघात कारागीर बकऱ्याच्या कातड्याकडे वळले. नाद थोडा बदलला असेल; पण आरती थांबली नाही आणि देवानेही ती ऐकण्याचे नाकारले असे दिसत नाही. बकऱ्याचे कातडे हेही कातडेच, हे आम्ही विसरत नाही. परंतु 'ह्यावाचून होणारच नाही' हे वाक्य किती वेळा खोटे ठरते, ते ह्या उदाहरणाने कळावे.

प्रयोगशाळेतही पर्याय निघाले आहेत. ज्यांतील प्रत्येक घटक ठाऊक आहे व प्राण्याच्या रक्ताचा अंशही नाही, असे आहारद्रव आज अनेक प्रकारच्या पेशींसाठी मिळतात. व्हेरो पेशीसुद्धा रक्तजलाविना वाढविता येतात. रक्तपेढीत माणसांनी दान केलेल्या बिंबाणूंची मुदत अवघ्या पाच दिवसांत संपते. अशा मुदत संपलेल्या बिंबाणूंपासून काढलेला अर्क काही मानवी पेशींना उत्तम मानवतो. आम्हांस हा पर्याय विशेष बोलका वाटतो. रक्त तेथेही आहे. पण ते घेतलेले नसून दिलेले आहे. हरण आणि दान ह्यांत जो भेद आपले शास्त्र करते, तो येथे परीक्षानळीत दिसतो.

हे पर्याय सर्वच पेशींना लागू पडत नाहीत, आणि जेथे पडतात तेथेही एका दिवसात पालट होत नाही. आहारातील रक्तजल दहा टक्क्यांवरून पाच, पाचावरून अडीच असे हळूहळू उतरवावे लागते. ह्या क्रियेला प्रयोगशाळेतील लोक जो शब्द वापरतात त्याचा अर्थ 'दूध तोडणे' असाच आहे. ज्यांनी चीकही प्यालेला नाही अशा वासरांच्या रक्तावरून पेशींचे दूध तोडावयाचे, ह्याहून योग्य शब्द आम्हांस सुचत नाही.

वाचकहो, आपण ह्या गोष्टीकडे 'त्या लोकांचे पाप' म्हणून बोट दाखवू नये, एवढी आमची विनंती आहे. आपण देवाला दुधाचा अभिषेक करतो. त्या दुधाच्या गाईचे नर वासरू पुढे कोठे गेले, हे आपल्यापैकी किती जणांनी गवळ्यास विचारले आहे? जो स्वतः विचारीत नाही, त्याने विचारणाऱ्या मुलीच्या हातांची शुद्धाशुद्ध ठरवू नये.

भाचीला आम्ही पत्राने उत्तर कळविले. हे पाप एकट्या तुझे नाही, पण तुझे नाही असेही नाही. आम्हां सर्वांच्या वाट्यातील एक वाटा तुझ्याकडे आहे. बाटली आदल्या रात्री काढून ठेवीत जा. आणि जी बाटली लागणार नाही अशी व्यवस्था तुला करता येईल, ती कर. ताटापासून मागे सरू नकोस. देवापुढे रिकाम्या हातांनी उभे राहण्यापेक्षा ऋणाची जाणीव असलेल्या हातांनी नैवेद्य ठेवणे आम्हांस अधिक योग्य वाटते.

तिचे उत्तर आले ते दोन ओळींचे. तिच्याकडे तीन प्रकारच्या पेशी आहेत. त्यांपैकी दोहोंचे दूध तुटले, तिसऱ्या अजून रक्तजलावाचून मरतात. त्या तिसऱ्यांसाठी रोज संध्याकाळी घरी निघण्यापूर्वी आपण उद्याच्या बाटलीची चौकशी करतो, असे तिने लिहिले आहे.